उंच चिमणीने गंधक नाहीसे होत नाही

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या तालुक्यातून हा चिकू येतो, तिथेच समुद्राकाठी ५०० मेगावॉटचे कोळशावर चालणारे वीज केंद्र उभे आहे. चिकूच्या वाड्या आणि कोळशाचा धूर शेजारी शेजारी कसे नांदतात, याची कहाणी आज पुन्हा आठवण्यासारखी आहे. कोळशाच्या धुरातले गंधक धुऊन काढायची गरज आपल्या बहुतेक वीज केंद्रांना उरलेली नाही, असा निर्णय जुलै २०२५ मध्ये झाला आहे.

कोळशात गंधक असते. कोळसा जळला की ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते आणि सल्फर डायऑक्साइड तयार होतो. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, म्हणून काळजीचे कारण नाही, असा युक्तिवाद नेहमी होतो. यात गणित अर्धेच मांडलेले असते. आपल्या कोळशात राख फार, उष्णता कमी. त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. पूर्ण क्षमतेने चालणारे ५०० मेगावॉटचे केंद्र दिवसाला सुमारे ८ हजार टन कोळसा खाते. त्यातले गंधक झाले ४० टन आणि त्यापासून होणारा वायू सुमारे ८० टन. हे एका दिवसाचे, तेही एका मध्यम आकाराच्या केंद्राचे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. गुणाकार वाचकांनीच करावा.

हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. शांतपणे नाकाने श्वास घेणाऱ्या निरोगी माणसात त्याचा बराचसा भाग नाक-घशाच्या ओलाव्यातच अडकतो. पण धावताना, ओझे उचलताना माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला की तो थेट खालच्या श्वासनलिकांत पोहोचतो. दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने या वायूसाठी चक्क १० मिनिटांची मर्यादा घालून दिली आहे, घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम. चोवीस तासांची सरासरी ४० च्या वर जाऊ नये, असे ती सांगते. आपली मर्यादा ८० आहे.

झाडांना तोंड मिटून घेण्याची सोय नाही. दिवसा उघडलेल्या पर्णरंध्रांतून वायू पानात शिरतो, आतल्या ओलाव्यात मिसळतो आणि शिरांच्या मधला हिरवा भाग पिवळा पडू लागतो. सगळ्यात आधी मरते ते दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो तेच. त्याला मुळे नाहीत, संरक्षक साल नाही, जे काही घ्यायचे ते सगळे हवेतून. ज्या गावाच्या झाडांवरून दगडफूल हटले, तिथली हवा एकदा तपासावी, हा युरोपातल्या निसर्ग अभ्यासकांचा जुना ठोकताळा आहे.

खरा घोळ मात्र पुढे आहे. चिमणीतून बाहेर पडलेला वायू वायूच राहत नाही. काही तासांत, काही दिवसांत तो हवेतल्या अमोनियाशी मिळून अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनवतो. हेच ते पीएम २.५, जे फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात आणि हृदयविकार, पक्षाघाताचा धोका वाढवतात. हे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे केंद्राच्या आसपास सल्फर डायऑक्साइड मोजला, तो मर्यादेत सापडला, तर त्याचा अर्थ एवढाच की तो पुढे गेला आहे. नव्या निर्णयाच्या समर्थनात मुख्य मुद्दा हाच होता की भारतीय शहरांत या वायूची पातळी मर्यादेतच आहे. ताप कपाळावर न पाहता चपलेवर पाहण्यासारखे हे झाले.

निर्णय नेमका काय? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांच्या धुरातील गंधकाला प्रथमच मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत २०२२ पर्यंत गेली आणि नंतरही पुढे पुढे सरकत राहिली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेनुसार दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्यापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांनाच ही यंत्रणा सक्तीची राहिली, तीही डिसेंबर २०२७ पर्यंत. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा विचार एकेक करून होईल. उरलेल्या, म्हणजे सुमारे ७८ टक्के केंद्रांना सूट. त्यांनी चिमणीच्या उंचीचा निकष पाळला म्हणजे झाले.

उंच चिमणीचा हा उपाय जगाने एकदा करून पाहिला आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले आणि सरकारी आकड्यानुसारच सुमारे ४ हजार माणसे दगावली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, वीज केंद्रांच्या चिमण्या उंच झाल्या, लंडनची हवा सुधारली. पुढच्या दशकात स्वीडनच्या तळ्यांतले मासे का मरतात, याचा शोध घेताना स्वान्टे ओडेन या शास्त्रज्ञाने बोट ठेवले ते ब्रिटन आणि मध्य युरोपातून आलेल्या गंधकावर. आम्लवर्षा हा शब्द सर्वतोमुखी झाला तो तेव्हापासून. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या केंद्रांना धूर धुण्याची सक्ती केली. चीननेही नंतर तेच केले. मेरिलँड विद्यापीठातील संशोधकांनी उपग्रहाच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवले की २००७ पासून चीनचे उत्सर्जन ७५ टक्के घटले आणि भारताचे ५० टक्के वाढले. कोळसा चीननेही सोडला नव्हता.

तंत्र अवघड नाही. चुनखडीच्या निवळीचे फवारे धुरावर मारायचे. गंधक चुन्याला धरते आणि जिप्सम तयार होते, जे सिमेंटला आणि भिंतींच्या पत्र्यांना लागते. समुद्राकाठी तर चुनखडीही नको. समुद्राचे पाणी मुळातच किंचित अल्कधर्मी, त्यात सल्फेट आधीपासून भरपूर. डहाणूत तेच केले. मंजुरी देतानाच ही अट होती, तरी केंद्र १९९०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले ते त्या यंत्रणेविनाच. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले, बागायतदारांनी आणि कार्यकर्त्यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. दहा वर्षांहून अधिक काळ गेला, पण झाली.

विरोधकांच्या सगळ्याच गोष्टी खोट्या नाहीत. यंत्रणा महाग आहे, स्वतः वीज खाते, चुनखडीतून थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो. चार-पाच वर्षांत बंद व्हायच्या जुन्या संचांवर हा खर्च करू नये, हे पटण्यासारखे आहे. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला किंचित थंड ठेवतात, हेही शास्त्रीयदृष्ट्या खरे. पण फुप्फुसात गेलेल्या कणांचे समर्थन त्यावरून करणे कोणत्याही डॉक्टरला जमणार नाही. सूट दिल्याने युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील, असे तेव्हा सांगण्यात आले. इस्पितळात जाणारे पैसे त्या हिशेबात धरलेले नव्हते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडचीही गत वेगळी नाही. २००३ ते २०१६ दरम्यानच्या संचांसाठी असलेली ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०२० मध्ये ४५० करण्यात आली. हाच वायू उन्हात जमिनीलगतचा ओझोन बनवतो, आणि त्याने गहू-सोयाबीनचे उत्पन्न घटते.

घरी काय करता येईल, असे लोक विचारतात. एन ९५ मुखपट्टी कण अडवते, वायू नाही. हिवाळ्यात धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा दम्याच्या रुग्णांनी पहाटेचे फिरणे उन्ह वर आल्यावर करावे आणि पंप जवळ ठेवावा. एवढेच घरातून शक्य आहे. चंद्रपूरची नोंद अतिप्रदूषित क्षेत्रांत झालेली आहे. अशा ठिकाणच्या केंद्रांवर आता तज्ज्ञ समिती निर्णय देणार आहे. त्या समितीपुढे केवळ वायूचे आकडे ठेवू नयेत. त्या भागातल्या पीएम २.५ मध्ये सल्फेट किती, हे वर्षभर मोजून ठेवावे, आणि जिल्हा रुग्णालयातील श्वसनविकाराच्या नोंदी त्याला जोडाव्यात. नोंदवह्या तिथे आहेतच. त्या कुणी मागायला हव्यात.