टीव्हीचा आवाज आणि घराची शांतता

टीव्ही भिंतीला चिकटला, चित्र मोठं झालं, पण संवाद मात्र नीट ऐकू येईनात, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. गाणं लागलं की कान किटतात, आणि मालिकेतलं कुणी हळू बोललं की सासूबाई विचारतात, "काय म्हणाली गं ती?" मग आवाज वाढवायचा, जाहिरात लागली की धावत जाऊन कमी करायचा! यात बिघाड कसला नसतो. जुन्या टीव्हीचं खोकं चांगलं खोल असे आणि त्याचा स्पीकर बहुधा आपल्याकडे तोंड करून बसवलेला असे. आताचा टीव्ही पाटीसारखा पातळ. त्यात स्पीकरला जागा उरते बोटभर, आणि बहुतेक वेळा त्याचं तोंड खाली किंवा मागे असतं. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि शब्द बोथट होतात.

यावर उपाय म्हणून 'होम थिएटर' घ्यायचं घरात ठरतं. ठरवतात पुरुषमंडळी, जोडतो दुकानातला मुलगा, आणि दुपारी एकटीने टीव्ही लावायची वेळ आली की आपण तीन रिमोट हातात घेऊन उभ्या! म्हणून मैत्रिणींनो, या खरेदीत पहिल्यापासून आपण असायला हवं. मिक्सर घेताना भांडी, पाती, मोटर सगळं आपण पाहून घेतो ना? तसंच हेही. अवघड त्यात काही नाही.

आधी कान, मग स्पीकर

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाच आवाज मोठा लागत असेल, फोनवरही "काय? काय?" करावं लागत असेल, तर दुकानाआधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. वयाबरोबर बहुधा आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होतं. 'स', 'फ', 'थ' यांसारखे वर्ण निसटतात, म्हणून "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" असं होतं. कधी कधी तर कानात नुसता मळ साठलेला असतो. हे न तपासता हजारो रुपयांचं यंत्र आणलं, तर पैसेही जातात आणि ते माणूस घरच्यांच्या गप्पांतून हळूहळू बाजूला पडतं, हे जास्त वाईट.

आकड्यांचं कोडं

खोक्यावर 2.1, 3.1, 5.1 असे आकडे असतात. टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या वाटा, आणि नंतरचा 1 म्हणजे सबवूफर, ढोलासारखा जाड आवाज काढणारा ठोकळा. 2.1 मध्ये डावा आणि उजवा, 3.1 मध्ये त्यांच्यामध्ये आणखी एक, आणि 5.1 मध्ये शिवाय मागच्या बाजूचे दोन. 5.1.2 असं असेल, तर शेवटचे दोन आवाज वरून आल्यासारखे भासवतात.

यातली मुख्य गोष्ट ही, की सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. म्हणून मालिका, बातम्या, नाटकं पाहणाऱ्या घराला 2.1 पेक्षा 3.1 बरा. दहा बाय बाराच्या हॉलला टीव्हीखाली ठेवायचा लांबट साउंडबार पुरतो. मागचे स्पीकर हवेतच असतील तर आधी वायर कुठून जाणार ते पाहा. दारातून गेली तर केर काढताना रोजची अडचण, आणि मूल पाय अडकून पडायची भीती वेगळीच. 'वायरलेस' म्हणवणाऱ्या स्पीकरलाही बहुधा विजेचा प्लग लागतोच, हे विचारून घ्या.

वॉटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 'पीएमपीओ' असं लिहून हजारो वॉट सांगितले असतील, तर ते क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे. 'आरएमएस' वॉट किती, ते विचारा. सतत मिळणारी खरी ताकद ती.

दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या भोकांचा फोटो मोबाइलवर काढून न्या. विक्रेता मारामारीचा सिनेमा लावून दाखवील, तर त्याला बातम्या लावायला सांगा. हळू आवाजातही शब्द स्वच्छ आले, तर वस्तू चांगली. पक्कं बिल आणि गॅरंटी कार्डावर शिक्का, हे घेतल्याशिवाय उठू नका.

जोडणी अशी करा

1. आधी टीव्ही आणि साउंडबार, दोन्हींचे प्लग काढा.

2. टीव्हीमागे एचडीएमआयची दोन-तीन चपटी भोकं असतात. त्यांतल्या एकाजवळ इंग्रजीत 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. वायरचं एक टोक त्यातच घाला. दुसरं टोक साउंडबारवर जिथे 'एआरसी' लिहिलं आहे तिथे. शेजारी 'इन' लिहिलेलं भोक असेल तर ते नव्हे.

3. सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय भोकात राहू द्या. त्याचा आवाज टीव्हीतून आपोआप बारकडे जातो.

4. प्लग लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'साउंड'मध्ये जाऊन आवाज बाहेर कुठे द्यायचा ते निवडा. टीव्हीचे आणि बारचे स्पीकर एकदम चालू राहिले तर घुमल्यासारखं वाटतं. टीव्हीचे बंद करा.

5. आता सर्वांत सोयीची गोष्ट. सेटिंगमध्ये 'सीईसी' चालू करा. सॅमसंगवर तिला 'एनीनेट प्लस', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक', एलजीवर 'सिम्पलिंक' म्हणतात. मग टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो. आपली तीन रिमोटची कसरत इथेच संपते, बरं का!

आवाज आलाच नाही तर घाबरू नका. बार योग्य इनपुटवर आहे का, वायर घट्ट बसली आहे का ते पाहा. मग टीव्हीच्या 'डिजिटल आउटपुट'मध्ये 'पीसीएम' निवडा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

टीव्ही जुना असून त्याला एआरसी नसेल, तर 'ऑप्टिकल' वायर वापरा. तिच्या टोकांवरची इवलीशी प्लॅस्टिकची टोपणं आधी काढावी लागतात, आणि तिला कडक घडी घालू नये, कारण आत प्रकाश वाहतो. या जोडणीत आवाजासाठी बहुधा बारचा रिमोट वेगळा लागतो. ब्लूटूथने वायर वाचते, पण ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असं होऊ शकतं. 'लिप सिंक' नावाची सोय असेल तर तिने फरक सुधारून घ्या.

ठेवायची जागा

बार टीव्हीच्या खाली, फळीच्या कडेपर्यंत पुढे आणून ठेवावा, पण टीव्हीचा रिमोट घेणारा डोळा झाकू नये. बंद कपाटात ठेवलात तर आवाज कोंडतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की धमधम वाढते. शेजाऱ्यांच्या आणि आपल्या मधल्या भिंतीला तर तो मुळीच टेकवू नका. जाड आवाज भिंती ओलांडून जातो, आणि पलीकडे कुणाची परीक्षा असते, कुणाचं तान्हं झोपलेलं असतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत राहत्या वस्तीत 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री 'नाईट मोड' लावा. मोठे आवाज दबतात, बोलणं ऐकू येतं. 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं बटण असेल, तर ते मालिकांसाठी फार उपयोगी.

पावसाळ्यात विजा चमकू लागण्याआधीच दोन्ही प्लग आणि केबलची वायर काढून ठेवावी. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

आणि एक काम त्याच दिवशी करा. जोडणी झाली की घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनासुद्धा, एकदा स्वतःच्या हाताने सगळं चालू-बंद करायला लावा. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, ते मराठीत चार ओळींत लिहून टीव्हीजवळ चिकटवा. जे यंत्र घरातल्या एकाच माणसाला लावता येतं, ते अर्धंच घरात आलं असं समजावं.