टिक आधीच कुणी केली?



भीमजयंती जवळ आली की आमच्याकडे दरवर्षी एक काम हमखास येते. कुणाला वस्तीतल्या वाचनालयाची वेबसाइट हवी असते, कुणाला विद्यार्थी संघटनेची. आम्ही चार-पाच जण रात्री बसून ती वर्डप्रेसवर उभी करतो. थीम टाकली की एक पडदा उघडतो, 'तुमच्यासाठी शिफारस केलेले प्लगइन्स'. सहा-सात नावे, प्रत्येकापुढे टिक आधीच केलेली, खाली 'पुढे' असे ठळक बटण, आणि कोपऱ्यात फिकट अक्षरांत 'वगळा'. रात्रीचे दोन वाजलेले असतात. आम्ही 'पुढे' दाबतो.

गेल्या वर्षी हे अंगाशी आले. अत्याचारग्रस्त कुटुंबांना मदत मागता यावी म्हणून एका साइटवर आम्ही फॉर्म ठेवला होता. नाव, गाव, मोबाइल नंबर, काय घडले. त्या आयत्या यादीतले एक प्लगइन फॉर्मची प्रत्येक नोंद आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरही साठवत होते. हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले. गावात आधीच बहिष्कार सोसणाऱ्या बाईचे नाव आमच्या हातून कुठे जाऊन पडले, हे तिला सांगायला गेलो तेव्हा आमची मान वर होईना.

यावर आमच्यातलेच काही जण म्हणतात, 'सॉफ्टवेअरला कसली आलीय जात? नको असेल तर टिक काढा ना.' टिक कोण काढतो? ज्याला आधीपासून माहिती आहे तो. नव्या माणसाला माहिती नसते म्हणूनच तर त्याला यादी दाखवतात. त्याच्या अज्ञानावर उभी केलेली यादी त्याच्याच संमतीच्या नावावर खपवायची, हा धंदा आपल्याला नवा नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कुकीजच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे.

पुणे करार आठवा. २४ सप्टेंबर १९३२. राखीव जागेसाठी चार उमेदवारांचे पॅनेल अस्पृश्य मतदारांनी निवडायचे आणि त्या चौघांतून एकाला निवडून द्यायचे ते संयुक्त मतदारसंघाने. पॅनेल आपले, शेवटचा शब्द इतरांचा. सेटअपच्या पडद्यावर नेमके उलटे असते. पॅनेल त्यांचे आणि शेवटचे बटण आपले. म्हणून आपण खूश! तुलना फार ताणायची नाही, तिथे पणाला लागले होते ते समाजाचे प्रतिनिधित्व. पण निवड दोन टप्प्यांत होते तेव्हा आपल्या हातून कोणता टप्पा सुटला, हे तपासायची सवय आपल्याला त्याच इतिहासाने लावली आहे.

आता वर्डप्रेसचेच पाहा. २००३ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर. त्याबद्दल आम्हाला आदर आहे, आमचे सगळे काम त्यावरच चालते. पण वर्षानुवर्षे नव्या साइटसोबत दोन प्लगइन्स आयते येत राहिले. 'हॅलो डॉली' हे लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याच्या ओळी दाखवते, बाकी काहीच करत नाही. 'अकिस्मेट' स्पॅम अडवते आणि चांगले अडवते. मात्र ते ऑटोमॅटिक कंपनीचे आहे, ती कंपनी वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग यांची, आणि तपासणीसाठी तुमच्या वाचकाची टिप्पणी त्याच्या आयपी पत्त्यासह त्यांच्या सर्व्हरवर जाते. वैयक्तिक ब्लॉगला फुकट, व्यावसायिक साइटला पैसे. भांडारात पन्नास हजारांहून जास्त प्लगइन्स असताना पाटावर हेच का बसले?

ऑक्टोबर २०२४ मध्ये तर त्या भांडाराच्या चालकांनी डब्ल्यूपी इंजिन या कंपनीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' या प्लगइनचे पानच ताब्यात घेतले आणि नाव बदलून स्वतःची आवृत्ती तिथे ठेवली. ज्यांच्या साइट तिथूनच आपोआप अपडेट होत होत्या, त्यांना न विचारता ती मिळाली. डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयाचा हंगामी आदेश आला, तेव्हा ते पान परत गेले. दोन कंपन्यांच्या भांडणात आपल्याला बाजू घ्यायची नाही. पण भांडार ज्याच्या हातात आहे तो काय करू शकतो, ते दिसले.

आणि आमचे काय? आम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर 'कार्यकर्त्यांसाठी दहा प्लगइन्स' अशी यादी फिरवली होती. तीही एका यूट्यूब व्हिडिओवरून उचललेली. पोरांनी ती डोळे मिटून टाकली, कारण 'दादांनी दिलीय'. म्हणजे प्रस्थापितांना शिव्या घालत आम्ही तेच केले. ती यादी आम्ही मागे घेतली आहे.

नव्या यादीत तीनच ओळी ठेवायच्या ठरल्या. बॅकअप, लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी आणि स्पॅम. एकाही ओळीवर आधी टिक नाही. प्रत्येक नावापुढे ते कुणी बनवले, कशातून कमावतात, कोणती माहिती बाहेर जाते आणि ते काढायचे कसे, हे साध्या मराठीत. यादी ठरवताना तक्रारी घेणाऱ्या ताई हजर हव्यात, फक्त कॉम्प्युटर येणारी पोरे नकोत. पहिल्याच बैठकीत एका ताईंनी विचारले, 'बॅकअप तरी कुणाच्या घरात राहणार?' ते आम्हाला सुचलेच नव्हते. बॅकअप आता आपल्याच हार्डडिस्कवर घेतो.

स्पॅमच्या ओळीवरचे भांडण अजून मिटलेले नाही. तोवर ती ओळ कोरी आहे आणि टिप्पण्या आम्ही पाळीपाळीने हातानेच तपासतो.