ताप उतरला म्हणजे दम परत आला, असे नव्हे

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या पोरांपैकी कुणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी तयारी करतो, कुणी सैन्यासाठी. आजारातून उठलेल्या पोराला तिथे एक सल्ला हमखास मिळतो. ताप असो वा खोकला, ग्राउंड सोडायचे नाही. घाम निघाला की आजार निघतो. पुरावाही जिल्ह्यातलाच दिला जातो. मांडव्याच्या अविनाश साबळेने कोरोनातून उठून टोकियोत राष्ट्रीय विक्रम केलाच की नाही? सल्ला देणाऱ्यांचा आवाज मोठा असला, तरी सल्ला घातक आहे.

आधी अविनाशचेच पाहू. आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, महार रेजिमेंटचा जवान. मार्च २०२१ मध्ये पतियाळात ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २०.२० सेकंदांत पळून त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. ऑलिंपिकच्या तयारीत कोरोनाने गाठले. नाव मागे घ्यावे असे मनात आले होते, हे पुढे त्यानेच सांगितले. ३० जुलैला टोकियोत त्याने ८:१८.१२ ची वेळ दिली. विक्रम खरा, पण हीटमध्ये तो सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. सल्लागार नेमके हेच सांगत नाहीत. त्याची खरी झेप वर्षभराने दिसली. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ आणि रौप्यपदक. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेले. या शर्यतीत १९९४ नंतर पदक मिळवणारा केनियाबाहेरचा तो पहिलाच. शिवाय त्याच्यामागे सेना, प्रशिक्षक आणि शिबिर होते. नांदूरघाटच्या पोरामागे कोण आहे? घाईने मैदानात उतरून छाती धरून बसलेल्यांची नावे कुणी सांगत नाही, म्हणून ते नसतातच असे मानायचे का?

आता घामाचे. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे पोरगा अंथरुणात पडलेला असतानाच त्याचे हृदय जादा काम करत असते. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. या मायोकार्डायटिसमध्ये जोराने पळाल्यास ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणूनच अशा खेळाडूला डॉक्टर तीन ते सहा महिने मैदानाबाहेर ठेवत आले आहेत. घाम फक्त अंग थंड करतो. विषाणू बाहेर काढत नाही.

हीच मंडळी पूर्वी पळताना पाणी प्यायचे नाही म्हणत. मराठवाड्याच्या उन्हात कोरड्या घशाने पोरे पळवली आणि त्याला शिस्त म्हटले. तो वाद आता संपला आहे, पण सवय गेलेली नाही.

विश्रांतीने दम जातो, हे त्यांचे म्हणणे मात्र खरे आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. ती भरून काढायला सुमारे आठ आठवड्यांचा सराव दिला गेला. दम परत येतो तो आठवड्यांच्या हिशेबाने, एका पहाटेत नाही.

मनाची ताकद म्हणाल, तर ती थांबायलाही लागते.

मग करायचे काय? गोळी न घेता ताप उतरलेला राहत नाही आणि जिना चढताना धाप लागायची थांबत नाही, तोवर पळू नये. त्यानंतर आधी चालणे, मग बोलता येईल इतक्या संथ गतीने धावणे. घड्याळ लावून मारायचे राउंड सर्वांत शेवटी. पहाटे उठल्याबरोबर नाडी मोजावी. नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली तर त्या दिवशी सुट्टी. जेवण आणि झोप पुरेशी हवी.

भरतीची तारीख जवळ आली की हे पाळणे अवघड जाते, हे मान्य. पण भरती पुन्हा निघते. पोरांच्या आईवडिलांना विनंती एवढीच, की आजारानंतर पळताना छातीत दुखले, धडधडले किंवा चक्कर आली, तर मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढून घ्या.