उशाशी बसणाऱ्या बाईचा परवाना

सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी पाठविणाऱ्या एजन्सीला 2005 सालच्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. पहारेकऱ्याची पूर्वचौकशी आणि ठरावीक प्रशिक्षण ही बंधनेही त्यात आहेत. उत्तम आहे, मोटारी चोरीस जाऊ नयेत. परंतु त्याच इमारतीत अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या उशाशी जी बाई बसते, तिला पाठविणाऱ्या ब्यूरोला असा परवाना लागत नाही. एक टेबल, एक टेलिफोन आणि एक पावतीपुस्तक एवढ्यावर धंदा सुरू! मग माणसाहून मोटार मोलाची, असाच अर्थ घ्यावयाचा ना?

माझ्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायू झाला, तेव्हा ब्यूरोने तीन महिन्यांत पाच बायका बदलल्या. प्रत्येक जण 'ट्रेन्ड' होती म्हणे! कोठे शिकली, असे विचारले की उत्तर येई, "अनुभव आहे हो!" अहो, अशा रोग्याची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीने अन्न देताना डोके उंच ठेवावे लागते, नाहीतर ते फुफ्फुसात उतरण्याचे भय असते. या गोष्टी नुसत्या मायेने कळत नाहीत, त्या शिकवाव्या लागतात. बहिणीच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम पडली, त्यावर ब्यूरोचे म्हणणे एवढेच, "दुसरी बाई पाठवितो."

यावर कोणी त्या बायांनाच दोष देईल. मला ते मान्य नाही. बारा तास, कधी चोवीस तास एकटीने जड देह उचलावयाचा, रजा नाही, परक्या घरात रात्री तिच्या अब्रूची हमी नाही, आणि पगारातून दलाली मात्र नेमाने कापली जाते! जिला स्वतःला झोप नाही, तिने रात्रभर कुशी बदलाव्यात कशा?

दुसरे म्हणतात, हे सुनांचे काम, ही आपली संस्कृती. संस्कृतीचे हे पाईक स्वतः बेडपॅन उचलताना मी तरी फारसे पाहिले नाहीत.

रोगी शुश्रूषागृहात असेल, तर त्या जागेला 1949 च्या कायद्यापासून नोंदणी लागते. तोच रोगी घरी आला की कायदा उंबरठ्यावरून परत फिरतो. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक आले होते. वृद्धांना घरी शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद त्यात होती. ते मंजूर झाले नाही. 2024 मध्ये ती लोकसभा गेली, तिच्याबरोबर तेही गेले. त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, कारण ज्यांनी काढावयाचा ते अंथरुणावर होते.

माझे मागणे मोठे नाही. ब्यूरोची नोंदणी, बाईला प्रशिक्षणाचा दाखला, औषध-जेवण-कूस यांची रोजची वही, तक्रार ऐकणारा अधिकारी, आणि तिला आठवड्याची हक्काची सुटी. हे महाग पडेल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पाठीवरची जखम धुऊन पाहावी.