घरची बाग : दिल्लीतला श्रावणघेवडा

काही भाज्यांचा हंगाम त्यांच्या नावातच सांगितलेला असतो. श्रावणघेवडा ही त्यांपैकीच एक. सह्याद्रीच्या आसपास पावसाळ्यात हवा गार राहते आणि जूनमध्ये पेरलेली रोपे श्रावणात शेंगांनी लगडतात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडाही याच हवेतला. परंतु महाराष्ट्रातून येऊन दिल्ली, नोएडा किंवा गुडगाव येथे बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबाने हाच नेम पाळला, तर रोप तरारते, फुलते आणि शेंग न धरताच फुले गळून पडतात. असे झाले म्हणजे पुष्कळजण कुंडी अडगळीत टाकतात. वस्तुतः दोष बियाण्याचाही नसतो आणि हाताचाही नसतो. चुकलेला असतो तो महिना.

या घेवड्याला मध्यम हवा मानवते. माती फार थंड असली तर बी कुजते, पारा ३० अंशांच्या बराच वर गेला तर फुले गळतात, आणि दहिवराने तर रोपच जळते. दिल्लीत जुलैमध्ये दुपारी ३५ अंशांच्या आसपास उष्मा असतो व रात्रीही तो फारसा उतरत नाही. म्हणून येथे पेरणी फेब्रुवारीच्या पूर्वार्धात करावी. ठेंगण्या जातींच्या शेंगा पन्नास-साठ दिवसांत हाती येतात व लू सुरू होण्यापूर्वी पीक आटोपते. दुसरी पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात करता येते.

वालपापडीचे गणित निराळे आहे. तिच्या जुन्या वेली जातींना फुलण्यासाठी दिवस लहान व्हावे लागतात. दिल्लीत जूनचा दिवस सुमारे १४ तासांचा, तर डिसेंबरचा सव्वादहा तासांचा असतो. त्यामुळे उन्हाळ्यात लावलेला वेल सज्जा पानांनी भरून टाकतो, पण शेंग देत नाही. जुलैमध्ये लावून कठड्यावर चढवलेला वेल मात्र हिवाळ्यात घरची भाजी पुरवतो. आणि ऐन उन्हाळ्यात शेंगा हव्याच असतील, तर उष्णता सोसणारी चवळी लावावी.

कुंडी निदान एक फूट खोल व तळाशी भोक असलेली घ्यावी. दोन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. बी भिजत न घालता एक इंच खोल पेरावे. रोज सहा तास ऊन मिळावे. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पानेच माजतात. फुलोऱ्यात माती सुकू देऊ नये. मात्र पाणी मुळाशीच घालावे. कूपनलिकेचे पाणी खारट असेल, तर ते श्रावणघेवड्याला मुळीच सोसत नाही. तेथे साठवलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी वापरावे.

बियाण्यासाठी दिल्लीकरांना दूर जावयास नको. १९०५ साली बिहारातील पुसा येथे स्थापन झालेली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ साली दिल्लीत आली. गाव सुटले, तरी ‘पुसा’ हे नाव तिने राखले, आणि चवळीच्या ‘पुसा कोमल’सारख्या जातींतून ते घरोघरी पोचले. आपणही श्रावणघेवड्याचे नाव खुशाल तेच ठेवावे. पेरणीचा महिना तेवढा दिल्लीच्या हवेला विचारून ठरवावा.