वज्रेश्वरी व्हाया मिशिगन

‘‘अरे, आपण वज्रेश्वरीला आलोय का?’’

कॅम्परच्या इवल्याशा बाथरूममधून काकांचा आवाज आला आणि पोहे परतणारी वहिनी, मोबाइलवर रस्ता शोधणारा दादा आणि नुसतीच लुडबूड करणारी मी, तिघंही दाराशी धावलो. दार उघडलं तर कसला भपकारा! कुजक्या अंड्यांचा. बादलीत वाफाळतं पाणी आणि शेजारी टॉवेल गुंडाळून उभे काका.

स्थळ : लेक मिशिगनचा काठ, ट्रॅव्हर्स सिटीच्या थोडं पुढे. काळ : जुलै २०२५, चेरीचा सीझन फुल फॉर्मात. माझा मावसभाऊ डेट्रॉइटजवळ राहतो. त्याने दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहॅण्ड कॅम्पर घेतला. म्हणजे एसयूव्हीच्या मागे जोडून ओढत न्यायचं, चाकांवरचं वन रूम किचन. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना मोटेलांतून फिरवायचं नाही, यातून फिरवायचं, हा त्यामागचा फंडा. मावशीचे गुडघे सकाळी कढत पाणी पडल्याशिवाय हलत नाहीत. काकांना आंघोळीआधी चहासुद्धा जात नाही. कॅम्पग्राउंडचे शॉवर होते, पण लांब, आणि तिथे उभ्यानेच आंघोळ. त्यामुळे या कॅम्परमधला गिझर ही चैन नव्हती, ट्रिपची अटच होती म्हणा ना. त्यात काका निघतानाच म्हणाले होते, ‘‘अमेरिकेची ही आमची शेवटची खेप.’’ गमतीत नाही.

दादाचा चेहरा साफ पडला. ‘‘मेमध्ये तर मस्त चालत होता गिझर...’’

तीच तर गोम आहे! मेअखेरीची ट्रिप संपली, कॅम्पर घरामागे जाऊन उभा राहिला. दादाने पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी केली, सांडपाण्याची केली, गाद्यांवर चादरीसुद्धा झाकल्या. पण गिझरच्या पोटातलं ६ गॅलन, म्हणजे साधारण २३ लिटर पाणी तसंच राहिलं. कारण गरम पाणी टाकीच्या वरच्या अंगाने बाहेर पडतं. घरातले सगळे नळ सोडून ठेवलेत तरी गिझर भरलेलाच राहतो. मग जूनचं ऊन, कोमट साचलेलं पाणी आणि पाच आठवडे. एका जातीच्या बॅक्टेरियांना याहून फाइव्ह स्टार सोय ती काय हवी? पाण्यातल्या सल्फेटपासून ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तोच आपला वज्रेश्वरीचा वास.

हिवाळ्याचं म्हणाल, तर तिथे सगळेच सावध असतात. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, टाकी फुटते, हे शेजारीपाजारीही सांगतात. ऑक्टोबरात पाणी काढायचं आणि पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. (हे प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. गाडीच्या इंजिनात घालतात ते नाही, ते विषारी असतं.) गिझरला बायपासवर टाकायचं, म्हणजे त्या २३ लिटरच्या पोटात महागडं द्रव्य उगाच जात नाही. दादाने हे सगळं दरवर्षी अगदी मन लावून केलं होतं. टाकीचं पाणी काढायला तळाचा छोटा व्हॉल्व्ह सोडायचा, झालं. गाळ आणि चुना मात्र तसाच तळाशी बसायचा. आणि उन्हाळ्यातल्या दोन ट्रिपांमधल्या गॅपमध्ये काही करायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता काकांची एण्ट्री. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेत, उभी नोकरी मेंटेनन्समध्ये. अमेरिकेत आल्यापासून मात्र त्यांना एकच डायलॉग ऐकावा लागत होता, ‘‘बाबा, तुम्ही बसा हो आरामात.’’ डिशवॉशरला हात लावू नका, लॉनमोअरला लावू नका. माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नुसता वाळत चालला होता.

‘‘कांडी कधी बदललीस रे?’’ काकांनी विचारलं.

‘‘कसली कांडी?’’

काकांनी शर्ट चढवला. चहा न घेता! मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

पंप बंद, गॅस बंद, वीज बंद. गरम पाण्याचा नळ उघडून आतलं प्रेशर घालवलं. मग दोन तास नुसतं थांबायचं, पाणी निवेपर्यंत. इथे घाई केली तर पन्नास-साठ डिग्रीचं पाणी थेट अंगावर. तेवढ्यात वहिनी नि मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आलो. मग काकांनी बाहेरचं झाकण उघडून २७ च्या पान्याने मोठा बोल्ट फिरवला. पांढऱ्या चुन्याचे कपचे घेऊन भसाभस पाणी आलं आणि हातात आली ती कांडी. म्हणजे जे काही उरलं होतं ते : एक तार आणि तिला चिकटलेला राखाडी चिखल.

‘‘ही मॅग्नेशियमची असते,’’ काका दादाला दाखवत होते. ‘‘गंज आधी हिला खातो, म्हणून स्टीलची टाकी वाचते. हिचा पाऊण भाग गेला की नवी घालायची. तुझी तर कधीच संपलीय. आता टाकीचाच नंबर होता.’’ टाकी अॅल्युमिनियमची असेल तर ही कांडी नसते, तेव्हा आपली कुठली ते आधी बघून घ्यावं. शिवाय मॅग्नेशियममुळे त्या बॅक्टेरियांचं आणखीच फावतं. वास पुन्हा पुन्हा येत असेल तर अॅल्युमिनियम-झिंकची कांडी मिळते. काकांनी तीच आणायला सांगितली होती.

टाकी खळाळून धुतली, कांडीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून ती बसवली. मग बिनवासाचं साधं ब्लीच, साठेक लिटर पाण्याला पाव कप, गरम-थंड दोन्ही नळांतून ब्लीचचा वास येईपर्यंत फिरवलं आणि चार तास तसंच ठेवलं. चुना काढायला व्हिनेगर वापरतात, पण काकांनी तो घरी गेल्यावर, वेगळ्या दिवशी काढायचा ठरवलं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो खेळ करायचा नाही. आणि व्हिनेगर घालताना कांडी काढून तिथे साधा प्लग लावायचा, नाहीतर नवी कोरी कांडी व्हिनेगरच खाऊन टाकेल.

सगळ्यात मोठी चूक पुढेच होते. रिकाम्या टाकीवर विजेचं बटण दाबलं की आतला एलिमेंट बघता बघता जळतो. हिवाळ्यानंतर बायपास काढायला विसरलात तरी तेच, नळाला पाणी येतं आणि टाकी मात्र कोरडी. म्हणून आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा, फसफस थांबून सलग धार आली की मगच बटण. काकांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलंय : ‘टाकी भरली का?’

संध्याकाळी पाच वाजता मावशीची आंघोळ झाली. काकांचा चहा त्यानंतर. सूर्यास्त बघायला सगळे तळ्याकाठी चालत गेलो, मावशीसुद्धा. बापलेक मागे राहून बर्नरची नळी बघत बसले होते. गाडी उभी राहिली की कोळी त्यात जाळी करतात, मग निळी ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते.

तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईत कोणाकडे असतो कॅम्पर? महाराष्ट्राने २०२१ मध्येच कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हौशी लोक टेम्पो ट्रॅव्हलरचे कॅम्पर करून घेतायत. आपल्याकडे पाणी गोठायचं टेन्शन नाही, पण साचायचं आहेच, आणि उन्हाळा मिशिगनपेक्षा लांब. एक मात्र अगदी सीरियसली : बाथरूममधला साधा गॅस गिझर गाडीच्या आत अजिबात लावू नका. कॅम्परच्या गिझरचा बर्नर बाहेरची हवा घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. बंद गाडीतला कार्बन मोनॉक्साइड वास देऊन सावध करत नाही. आणि लोणावळ्याच्या सेकंड होममधला स्टोरेज गिझर महिनोन् महिने भरून ठेवला असेल, तर त्यातही बहुधा अशीच एक कांडी आहे बरं का.

काका-मावशी सप्टेंबरात पुण्याला परतले. जाण्याआधी काकांनी दादाच्या फ्रिजवरच्या कालनिर्णयमध्ये पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘पाणी काढणे’. दोन आठवड्यांपेक्षा मोठा गॅप दिसला की तिथे, आणि १० ऑक्टोबरला ठळक. त्या रात्री फॅमिली ग्रुपवर दादाने कांडीचा फोटो टाकला. पुण्यात पहाटेचे साडेपाच.

काकांचा रिप्लाय लगेच आला. ‘अजून एक सीझन निघेल. पण पुढच्या मेमध्ये मी येऊन बघतो.’