निवृत्त बॉक्सरांना एकटं सोडू नका

1992 सालची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनलजवळच्या एका समलिंगी बारमधून एमिल ग्रिफिथ बाहेर पडला आणि एका टोळक्यानं त्याला गाठलं. तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. तो जिवंत राहिला हेच नशीब, इतकी मारहाण झाली. चार महिने रुग्णालयात काढावे लागले. वेल्टरवेट आणि मिडलवेट अशा दोन्ही वजनगटांत जगज्जेता ठरलेला हा माणूस. 1958 ते 1977 या काळात तो शंभराहून अधिक लढती लढला होता.

अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बॉक्सर ना तो, मग मार कसा खाल्ला? हा प्रश्नच आधी मनातून काढून टाका. ज्यानं वीस वर्षं डोक्यावर ठोसे झेललेत, त्याचं डोकं इतरांपेक्षा कणखर झालेलं नसतं, ते इतरांपेक्षा नाजूक झालेलं असतं. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 सालीच बॉक्सरांमधली ही लक्षणं लिहून ठेवली होती : पाय अडखळणं, जीभ जड होणं, बुद्धी मंदावणं. आज आपल्याला त्यापुढचंही ठाऊक आहे. वारंवार हादरे बसलेल्या मेंदूत ताऊ नावाचं प्रथिन गोळा होत जातं, पेशी मरत जातात, आणि हे सगळं ग्लोव्हज खुंटीला टांगल्यावरही वर्षानुवर्षं चालूच राहतं. खात्रीचं निदान होतं ते मृत्यूनंतर, मेंदू तपासल्यावर.

अशा मेंदूवर रस्त्यातला मार बसला तर काय होईल? ग्रिफिथला पुढे स्मृतिभ्रंश झाला. त्यात रिंगचा वाटा किती आणि त्या रात्रीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. दत्तक मुलानं त्याची सेवा केली. 2013 साली हेम्पस्टेडच्या शुश्रूषागृहात पंच्याहत्तराव्या वर्षी तो गेला.

ग्रिफिथबद्दल बोलताना बेनी पॅरेटचं नाव टाळून चालणार नाही. 24 मार्च 1962, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वजनाच्या वेळी क्यूबाच्या पॅरेटनं ग्रिफिथला समलिंगी म्हणून हिणवलं होतं. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात सापडला. एक हात दोरांमध्ये अडकलेला, मान लुळी पडलेली, आणि ग्रिफिथचे ठोसे थांबेनात. पंच रुबी गोल्डस्टीन मध्ये पडले, पण उशीर झाला होता. लाखो लोक घरबसल्या टीव्हीवर हे बघत होते. दहा दिवसांनी पॅरेट गेला. त्याआधी जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी जीन फुलमरनं त्याला बेदम ठोकून काढलं होतं, तरी त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरवण्यात आलं. तो मृत्यू ग्रिफिथच्या मनातून कधीच गेला नाही. आणि वजनाच्या वेळचा तो हिणकस शब्द ज्या द्वेषातून आला, तोच द्वेष तीस वर्षांनी त्या बारबाहेर दबा धरून होता, असं मी मानतो.

निवृत्तीनंतर ग्रिफिथनं ज्यांना शिकवलं त्यांत विल्फ्रेड बेनितेझ होता. 1976 साली अवघ्या सतराव्या वर्षी जगज्जेता झालेला पोर्टो रिकोचा हा पोरगा. दहा वर्षांनी, खेळ उताराला लागलेला असताना, तो अर्जेंटिनातल्या साल्टा शहरात लढायला गेला आणि तिथेच अडकला. लढतीचे पैसे आणि पासपोर्ट दोन्ही त्याच्या हाती उरले नाहीत. वर्षाहून अधिक काळ तो तिथे पडून होता. पुढे मेंदू निकामी होत गेला. आधी आईनं आणि नंतर बहिणीनं त्याला जेवू घातलं, सांभाळलं. गुरू आणि शिष्य दोघांचीही जबाबदारी अखेर घरच्यांनीच उचलली. खेळावर पैसा कमावणारे कधीच पांगले होते.

पण घरचे नेहमीच आधार ठरतात असंही नाही. मुहम्मद अलीला शेवटच्या लढतीत हरवणारा ट्रेव्हर बर्बिक 2006 साली जमैकात मारला गेला. डोक्यात लोखंडी हत्यार घालून. गुन्हा सिद्ध झाला तो त्याच्या पुतण्यावर.

मग करायचं काय? कॅलिफोर्नियानं 1982 साली वाट दाखवली आहे : तिकिटामागे थोडेसे पैसे बाजूला काढून बॉक्सरांसाठी निवृत्तिवेतन निधी. पण सबंध अमेरिकेसाठी तसा निधी नाही, आणि कॅलिफोर्नियातही हक्काचे पैसे असलेल्या कित्येकांना ते आहेत हेच माहीत नव्हतं. म्हणजे नुसता निधी काढून भागत नाही, माणूस शोधून त्याच्या दारात जावं लागतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं नाही. अलीसोबत 1980 साली दिल्लीत प्रदर्शनीय लढत खेळलेले आणि 1982 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेले कौर सिंग. त्यांना उतारवयात हृदयाच्या उपचारासाठी कर्ज काढावं लागलं. महाराष्ट्रात हिंदकेसरी आणि महाराष्ट्र केसरी मल्लांना सरकार मानधन देतं. अंग झिजवून खेळलेल्या माणसाला म्हातारपणी आधार द्यायचा, हे तत्त्व आपण मान्य केलेलंच आहे. ते बॉक्सरांनाही लागू करा, आणि फक्त पदकवाल्यांना नव्हे.

माझं मागणं जिल्हा बॉक्सिंग संघटनांकडे, क्लब चालवणाऱ्यांकडे आणि जुन्या खेळाडूंकडे आहे. आपल्या गावात कोण कोण लढत होतं, ते आज कुठे आहेत, कुणासोबत राहतात, याची वही करा. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जा. हात थरथरतोय, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातोय, रात्री घराचा रस्ता चुकतोय, असं दिसलं तर म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. एकटा फिरणारा असेल तर शेजाऱ्यांना आणि चौकीला सांगून ठेवा. त्याचं प्रेम कुणावर आहे यावरून कुणी त्याला छळत असेल, तर त्याच्या बाजूनं उभे राहा. आज सराव करणाऱ्या पोरापोरींच्या डोक्याला बसलेला प्रत्येक मोठा मार तारखेसह लिहून ठेवा. तीस वर्षांनी डॉक्टर नेमकं तेच विचारणार आहेत.

मेंदूविकारतज्ज्ञांनो, महिन्याची एक सकाळ या लोकांना मोफत द्या. स्पर्धा भरवणाऱ्यांनो, प्रत्येक तिकिटातले पाच रुपये बाजूला ठेवा आणि हिशेब फलकावर लावा. संघटनेची पुढची सभा लागेल तेव्हा हा विषय पत्रिकेवर पहिला घ्यायला लावा, आणि वही कोण लिहिणार त्याचं नाव ठरल्याशिवाय सभा उठू देऊ नका.